सातबारा नसलेल्यांचा पंचनामा कोण करणार?

वणी म्हटले की उभ्या महाराष्ट्राला सप्तशृंगीचा गड आठवतो आणि त्याखालोखाल द्राक्षे आठवतात. (ही नाशिक जिल्ह्यातली, दिंडोरी तालुक्यातली वणी. यवतमाळची वणी वेगळी.) पण ही द्राक्षे ज्यांच्या हातांतून जातात त्या माणसांची आठवण कोणालाही होत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली की सुरगाणा आणि पेठच्या डोंगरांतून आदिवासी बाया-माणसे लेकराबाळांसह खाली उतरतात. कोणी बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडात संसार मांडतो, कोणी पिकअपच्या हौद्यात उभे राहून रोज ये-जा करतो. त्यांच्या जोडीला गावोगावच्या बौद्धवाड्यांतल्या, मातंग-चर्मकार वस्त्यांतल्या, भटक्यांच्या पालांतल्या आयाबहिणी असतात. छाटणी, पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, विरळणी, मग काढणी आणि पॅकिंग. मार्च-एप्रिलपर्यंत हा रगाडा चालतो. या सहा महिन्यांच्या मजुरीवर वर्षाचे मीठमिरची, पोरांची शाळा आणि म्हाताऱ्याचे औषधपाणी भागवायचे असते.

२६ नोव्हेंबर २०२३ या दिवशी गावोगावी संविधान दिनाचे कार्यक्रम झाले. त्याच दिवशी निफाड-दिंडोरी पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट कोसळली. बागा झोडपल्या गेल्या, मणी फुटले, पाने फाटली. दुसऱ्या दिवसापासून अधिकारी बांधावर आले, पुढारी आले, फोटो निघाले. पंचनामे झाले. शासनाने १ जानेवारी २०२४ रोजी वाढीव दराने मदत जाहीर केली. जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, बागायतीला २७,००० रुपये, बहुवार्षिक फळपिकांना ३६,००० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टर. म्हणजे तीन हेक्टर द्राक्ष असणाऱ्याला कागदावर एक लाख आठ हजार मिळू शकत होते. ही रक्कम त्या बागायतदाराच्या नुकसानीपुढे किरकोळ होती हे आम्हालाही ठाऊक आहे. कर्ज काढून उभी केलेली बाग डोळ्यांदेखत जाते तेव्हा शेतकऱ्यावर काय गुदरते ते सांगायला नको. त्याच्या ताटातले आम्हाला काढायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या बागेत विरळणीसाठी ठेका घेतलेल्या दहा-बारा जणांच्या टोळीला काय मिळाले? बाग गेली तशी त्यांची चार महिन्यांची मजुरी गेली. कोणी उचल घेतली होती, ती अंगावर राहिली. त्यांचा पंचनामा कोणी केला? कोणीही नाही. कारण पंचनामा सातबाऱ्याचा होतो, माणसाचा होत नाही.

ही काही कोण्या एका तलाठ्याची चूक नव्हे. (२०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. पाट्या बदलल्या, पंचनाम्याचा नमुना तोच राहिला.) नमुन्यात गट नंबर आहे, खातेदाराचे नाव आहे, पीक आहे, क्षेत्र आहे, नुकसानीची टक्केवारी आहे. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत. 'या शेतावर राबणारे मजूर' असा रकानाच त्यात नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे जमिनीपासून तोडले गेले त्याला आपत्तीच्या मदतीतूनही आपोआप वगळणारी ही व्यवस्था आहे. जात विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. सातबारा मागितला की जातीचे काम परस्पर होऊन जाते.

हे आजचे नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडले. होडी ज्याची त्याला मदत, जाळे ज्याचे त्याला मदत. पण त्या मासळीच्या व्यवहारावर हमाली करून, मिठागरात राबून, खाऱ्या पाण्याने नासलेल्या शेतांत मजुरी करून जगणाऱ्या दलितांना आपत्तीग्रस्त म्हणून मान्यता मिळवण्यासाठी झगडावे लागले. तिथे मोजमाप होडी होती, इथे सातबारा आहे. ज्याच्याजवळ मोजण्यासारखी मालमत्ता नाही त्याचे नुकसान झाले असे शासन धरतच नाही.

आपल्यातल्या ज्यांच्याजवळ थोडीफार जमीन आहे त्यांची गत पाहा. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. ज्यांना जमीन राहिली त्यांच्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनच्या वीस-पंचवीस वारसांची नावे एकाखाली एक चढली आहेत. त्यातले निम्मे मुंबईला, काही पुण्याला, काही हयात नाहीत. नुकसानीची मदत एकाच्या खात्यावर जमा करायची तर बाकीच्या सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आणा, असे सांगतात. कुठून आणायचे? मदत पडून राहते. गायरान कसणाऱ्यांचे त्याहून वाईट. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचाच निर्णय आहे, तरीही असंख्य कुटुंबे पिढी-दोन पिढ्या कसूनही सातबाऱ्यावर नाहीत. पीक त्यांचे वाहून जाते, पण कागदावर ती जमीन सरकारची, म्हणून नुकसान कोणाचेच नाही! वनपट्टेधारकांचे तेच रडगाणे आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायाची सालटी निघेपर्यंत चाललेला लाल बावट्याचा मोर्चा आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला दुसरा मोर्चा, दोन्हींत सुरगाणा-पेठ-दिंडोरीचे आदिवासी होते आणि दोन्हींत मागणी मुख्यत्वे तीच होती, कसतो ती वनजमीन नावावर करा.

आणि आता त्यावर अॅग्रिस्टॅक आले आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक कशावर मिळतो? जमिनीच्या अभिलेखावर. म्हणजे जुना अन्याय संगणकात भरला गेला, आणि संगणकात गेलेली गोष्ट खरीच असते असे आपल्याकडचे अधिकारी मानतात.

आता मुद्द्याचे बोलू. शासन म्हणते, भूमिहीन मजूर शोधायचे कसे? त्यांची नोंद कुठे आहे? हे साफ खोटे आहे. या देशात सर्वांत जास्त वेळा नोंदवला गेलेला माणूस कोण असेल तर तो गरीब माणूस आहे. त्याच्या बोटांचे ठसे जितक्या यंत्रांत आहेत तितके कोणा कारखानदाराचे नसतील.

२०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना आठवा. त्यातले जातीचे आकडे दडपून ठेवले, ते वेगळे. पण त्या गणनेत ग्रामीण कुटुंबांच्या वंचिततेचे सात निकष होते. त्यातला एक निकष अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब आणि आणखी एक निकष भूमिहीन असून ज्याचे मुख्य उत्पन्न अंगमेहनतीच्या मजुरीतून येते असे कुटुंब. म्हणजे ज्या यादीची आपण मागणी करतो ती यादी शासनाने स्वतः घरोघर फिरून केली होती. आयुष्मान भारतचे लाभार्थी याच यादीतून काढले गेले. मग रेशनकार्ड आहे. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब मिळून महाराष्ट्राच्या वाट्याला सात कोटी माणसांचा कोटा आहे. मनरेगाची जॉबकार्डे आहेत, त्यात कोणत्या कुटुंबाने कोणत्या महिन्यात किती दिवस काम मागितले याची तारीखवार नोंद आहे. २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम आहे. तीस कोटींवर असंघटित कामगार त्यात नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक शेतीवर राबणारे. नोंदणीला सेतू केंद्रावर रांगा लागल्या, कार्ड मिळाले, लोकांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवले. पुढे काय? संजय गांधी निराधार आहे, श्रावणबाळ आहे, जनधन खाते आहे.

आणि या नोंदी एकमेकींशी जुळवता येत नाहीत असेही नाही. लाडक्या बहिणीचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ पासून, निवडणूक तोंडावर असताना, कोट्यवधी बहिणींच्या खात्यांवर दरमहा दीड हजार जमा झाले. यंत्रणा मनात आणले तर किती वेगाने पैसे पोहोचवू शकते ते तेव्हा दिसले. पुढे २०२५ मध्ये इतर सरकारी खात्यांकडील माहितीशी ताडून सव्वीस लाखांहून अधिक नावांचा लाभ थांबवला गेला. कोणाच्या दारात चारचाकी आहे, एका घरात किती जणी लाभ घेतात, कोण दुसऱ्या योजनेत आहे, सगळे सापडले! अपात्र होते त्यांना वगळले याबद्दल आमची तक्रार नाही. पण नाव कापायचे असते तेव्हा सगळ्या खात्यांचा डेटा एका रात्रीत जुळतो आणि गारपिटीनंतर उपाशी मजुराचे नाव घालायचे असते तेव्हा 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर कसे येते? जाता जाता हेही नोंदवून ठेवू की याच योजनेसाठी मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले गेले. आपल्या हक्काचा निधी कुठे गेला हे विचारणाऱ्या मंत्र्यालाही उत्तर मिळाले नव्हते, तुम्हा-आम्हाला कोठून मिळणार?

बरे, कायद्यात-नियमांत तरतूद नाही म्हणावे तर तीही आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष काढून वाचा. पिकांचे हेक्टरी दर सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच कागदात आणखी एक बाब आहे. ज्या कुटुंबांच्या उपजीविकेवर आपत्तीमुळे गंभीर परिणाम झाला आहे त्यांना निर्वाहासाठी मदत द्यावी. दर किती, तर त्या राज्यात मनरेगाची जी मजुरी असेल तितका, कुटुंबातील दोन प्रौढांना, साधारणपणे तीस दिवसांपर्यंत आणि गरज पडल्यास त्याहून अधिक. या बाबीत जमिनीची अट नाही. सातबाऱ्याचा उल्लेख नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा मनरेगा दर ३१२ रुपये होता. दोन माणसे, तीस दिवस, म्हणजे १८,७२० रुपये. एका मजूर कुटुंबाला दीड-दोन महिने सावकाराच्या दारात न जाता तग धरता येईल एवढी ही रक्कम आहे. पण द्राक्षपट्ट्यातल्या शेतमजुरांना या बाबीखाली पैसे मिळाल्याचे आमच्या भागात तरी कोणी सांगत नाही. कार्यकर्त्यांनाही ही बाब माहीत नसते, कारण आपणही मोर्चे काढतो ते हेक्टरी मदत वाढवा म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या महापुरानंतर ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यावर आठवडाभर वाद झाला तो हेक्टरी आकड्यांचाच. ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याच्यासाठी भांडायला विधिमंडळात कोण होते?

आपत्तीच्या वेळी लाभार्थ्यांच्या जुन्या नोंदी वापरून मदत देता येते याचे उदाहरण बाहेर शोधायला नको, आपल्याच डोंगरात आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत रोजगार बुडालेल्या आदिवासींसाठी राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये खावटी अनुदान योजना काढली. कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांचा किराणा. साडेअकरा लाख कुटुंबे ठरवताना आधार काय घेतला? आदल्या वर्षी मनरेगावर एक दिवस तरी काम केलेले मजूर, वनहक्क मिळालेली कुटुंबे, आदिम जमाती, शिवाय प्रकल्प कार्यालयांनी पाहणी करून ठरवलेली गरजू कुटुंबे. विचार अगदी बरोबर होता. मनरेगाच्या हजेरीपटाने भूमिहीन कोण, हातावर पोट कोणाचे, हे दाखवून दिले. घोटाळा झाला तो वेळेचा. उपासमार २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आणि वाटप पोहोचता पोहोचता २०२१ उजाडले. यादी तयार नव्हती, खाती जुळलेली नव्हती, किराण्याच्या खरेदीत वेळ गेला. आपत्तीनंतर यादी करायला बसले की असेच होणार. यादी आधी हवी.

केनियाच्या उत्तरेकडच्या चार दुष्काळी जिल्ह्यांत हे आधी करून ठेवले गेले. तिथल्या जवळपास सगळ्या कुटुंबांची नोंदणी केली, बँकेत खाती उघडली. सुमारे एक लाख अतिगरीब कुटुंबांना नियमित पैसे मिळतात. उपग्रहावरून कुरणांची हिरवळ ठरावीक पातळीखाली गेल्याचे दिसले की बाकीच्यांपैकीही अनेकांच्या खात्यांवर पैसे जमा होतात. पंचनामा नाही, अर्ज नाही, कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी नाही. फिलिपाईन्समध्ये नोव्हेंबर २०१३ च्या वादळानंतर गरीब कुटुंबांना आधीपासून मिळणाऱ्या मदतीच्या यादीवरच वाढीव रक्कम टाकली गेली. आपल्या देशातही तेलंगणाने जानेवारी २०२५ मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना वर्षाला बारा हजार रुपये देण्याची योजना सुरू केली आणि पात्रता ठरवली ती २०२३-२४ मध्ये मनरेगावर वीस दिवस काम केल्याच्या नोंदीवरून. छत्तीसगडमध्ये २०२१ पासून भूमिहीन मजुरांसाठी वार्षिक रक्कम आहे. सरकार बदलले, नाव बदलले, रक्कम वाढली, पण योजना बंद करण्याची हिंमत कोणाला झाली नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवणारा महाराष्ट्र मात्र शेतकऱ्याला केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे नमो सहा हजार देतो. दोन्हीकडे अट जमिनीची.

एवढे सांगितल्यावर आमचे काही तरुण मित्र म्हणतील की बस, सगळा डेटा एकत्र करा, एक कळ दाबा, झाले! इतके सोपे नाही, आणि ते वणीतच बसून समजते. समजा शासनाने ठरवले की गारपीटग्रस्त महसूल मंडळातल्या सर्व अंत्योदय व प्राधान्य कार्डधारकांना मदत द्यायची. गारपीट झाली दिंडोरी तालुक्यात. पण बागेतल्या शेडात राहणाऱ्या त्या मजुराचे रेशनकार्ड आहे सुरगाण्याचे. सुरगाण्यात गारपीट नाही, म्हणून तो आपत्तीग्रस्त नाही. दिंडोरीच्या यादीत त्याचे नाव नाही, म्हणून इथेही तो नाही. माणूस दोन्हीकडून गायब! पंचनाम्यात नव्हता, आता डेटातही नाही. स्थलांतर करणाऱ्याला घराच्या पत्त्यावर शोधणारी कुठलीही यादी त्याला वगळणारच. मग मार्ग नाही का? आहे. रेशन आता कुठल्याही दुकानातून उचलता येते. डिसेंबरात सुरगाण्याच्या कार्डावर वणीच्या दुकानातून धान्य उचलले गेले असेल तर त्या यंत्रात ठसा, तारीख आणि दुकान तिन्हींची नोंद आहे. तो माणूस त्या महिन्यात कुठे होता हे शासनाला कळते. हीच नोंद मदतीसाठी वापरता येईल. जे रेशन घरच्या दुकानातूनच उचलतात, किंवा म्हातारी गावाकडे राहते म्हणून धान्य तिकडेच ठेवतात, त्यांच्यासाठी टोळीच्या मुकादमाकडून आणि बागायतदाराकडून मजुरांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायतीत नोंदवून घ्यावी लागेल. बागायतदार याला लगेच तयार होतील असे नाही. नोंद झाली की किमान वेतनाचा प्रश्न निघेल ही भीती असते. ती भीती त्यांना वाटू द्यावी.

दुसरे, या यंत्रांवर आंधळा विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. ठसा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या आपण पाहिल्या आहेत. द्राक्षावर रसायनांत हात बुडवणाऱ्या बाईच्या बोटांवर रेघा राहतील कशा? १ जानेवारी २०२४ पासून मनरेगाची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच मिळेल असे झाले, तेव्हा खाते जुळले नाही म्हणून किती जणांची मजुरी लटकली. रेशनचा कोटा आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळी झालेली, जन्मलेली, गाव सोडून आलेली कुटुंबे त्या मर्यादेत बसत नाहीत. ग्रामीण भागात प्राधान्य कार्डासाठी वर्षाला ४४,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा ठेवली गेली. नवरा-बायको दोघे सहा महिने बागेत राबले तर कागदावर श्रीमंत ठरतील अशी ही मर्यादा! म्हणून जुन्या याद्या हा पाया धरायचा, भिंत नव्हे. यादीत नाव नाही म्हणून मदत नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही देता कामा नये. आणि ही माहिती मदतीखेरीज दुसऱ्या कामाला, विशेषतः मतांच्या याद्या चाळायला आणि कोण कुठे राहतो यावर पाळत ठेवायला वापरली जाणार नाही, याची कायदेशीर हमी घेतल्याशिवाय आपल्या वस्त्यांची माहिती कोणाच्या हवाली करू नये.

तिसरी गोष्ट मनरेगाची. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली आणि पुढे तिचा कायदा केला, त्याच धर्तीवर २००५ चा केंद्राचा कायदा आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस शंभरचे सव्वाशे झाले म्हणून टाळ्या वाजल्या. पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के बोजा टाकला आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा दिली. आता द्राक्षाच्या हंगामातच गारपीट होते हे इथले शेंबडे पोरही सांगेल. बाग गेली, बागेतले काम गेले, आणि सरकारी काम 'हंगाम आहे' म्हणून बंद, असे झाले तर त्या मजुराने कुठे जायचे? आपत्ती जाहीर होताच त्या मंडळात हा बंदीकाळ आपोआप उठला पाहिजे, ही मागणी आजच करायला हवी. शिवाय जॉबकार्डाच्या जुन्या नोंदी, ज्या भूमिहीनांची सर्वांत खरी यादी आहेत, त्या नव्या योजनेत जाताना गळता कामा नयेत.

आपत्ती कधी आली हे ठरवायलाही नवीन शोध लावायची गरज नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. द्राक्षबागायतदाराचा हवामानावर आधारित फळपीक विमा याच केंद्रांच्या आकड्यांवर चालतो. पाऊस, तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की भरपाई लागू होते. त्याच केंद्राचा तोच आकडा बागेतल्या मजुरालाही का लागू होऊ नये? ढग फुटतो तेव्हा तो मालक आणि मजूर असा भेद करत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो याच माणसासाठी. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी अशी योजना त्यांनी मांडली, कारण जमिनीचे तुकडे वाटून भूमिहीन अस्पृश्य मजुराचा प्रश्न सुटणार नाही हे त्यांना दिसत होते. त्यांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. वणीहून आंबे गाव लांब नाही. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे २००४ मध्ये त्यांच्या नावाने भूमिहीनांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना आली. जमीन विकत मिळत नाही या सबबीवर ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. दिंडोरी-निफाडमध्ये तर द्राक्षाच्या जमिनीचे भाव पाहता सरकारी दरात कोण जमीन विकणार? तेव्हा जमिनीचा लढा सोडायचा नाहीच, पण जमीन मिळेपर्यंत प्रत्येक गारपिटीत भूमिहीनाने उपाशी राहायचे हेही चालणार नाही.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला दादासाहेबांची जयंती येते आणि साधारण त्याच सुमारास छाटणीचा हंगाम सुरू होतो. मिरवणूक आणि भाषणे होतात, व्हावीत. पण येत्या जयंतीला वणी परिसरातल्या कार्यकर्त्यांनी आणखी एक काम अंगावर घ्यावे. माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाकडून रेशनची, जॉबकार्डांची आणि निराधारांची गावनिहाय यादी आधीच मागवून ठेवावी. त्या दिवशी विहारात किंवा चावडीवर ती मोठ्याने वाचावी, सुरगाणा-पेठच्या टोळ्यांच्या मुकादमांना बोलवावे, आदिवासी संघटनांच्या मंडळींनाही बोलवावे. कोणाचे नाव नाही, कोणाचे खाते बंद आहे, कोणाचा ठसा उमटत नाही, हे वहीत लिहून घ्यावे. ती वही आणि आपत्ती निधीच्या निकषांतली उपजीविकेची ती बाब, दोन्हींच्या प्रती निवेदनाला जोडून दिंडोरीच्या तहसील कार्यालयात द्याव्यात आणि पोच घ्यावी. निवेदनावर तारीख गारपिटीच्या आधीची असली पाहिजे.